ते वाट बघत होते

"काही होणार नाही ना?" हे सरांचं वाक्य. शाळेत नवीन पंखा लावला की त्याच्याखाली बसण्याआधी सर शिपायाला विचारायचे, "काही होणार नाही ना?" सहलीची गाडी घाटाला लागली की चालकाच्या मागे उभे राहून विचारायचे. दंडावर लस घेताना त्यांनी नर्सबाईंना इतक्या वेळा विचारलं की शेवटी त्याच म्हणाल्या, "सर, सुई टोचून झाली. हात खाली करा."

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आपण त्याच्यावर हसतो आणि ते हसणं त्यालाही ठाऊक असतं.

एकदा नकाशाची गुंडाळी उघडताना आतून पाल पडली. सर टेबलावर चढले आणि तिथूनच त्यांनी उरलेला तास घेतला. भीती वाटली की त्यांची पुस्तकी मराठी गळून पडायची आणि घरची अहिराणी बाहेर यायची. "मन्हा हात कापी ऱ्हायनात रे भो," असं टेबलावरून म्हणाले आणि सगळा वर्ग त्यांच्या थरथरत्या हातांकडे बघून लोळला.

मी त्या वर्गात होते. खापर गावाजवळची ती शाळा. मी डोंगरातल्या, मोलगीकडच्या एका पाड्यातून आलेली, वसतिगृहात राहणारी. सर इतिहास आणि मराठी शिकवायचे. मला मराठी वाचता यायची, बोलायला जीभ वळायची नाही. सर चिडायचे नाहीत. "सावकाश, बेटा. मलासुद्धा ही भाषा शाळेतच भेटली," म्हणायचे.

दहावीनंतर वडील मला घरी बसवणार होते. तेव्हा सर जीपमध्ये बसून आमच्याकडे आले. ती जीप कशी जाते हे मोलगीचा बाजार पाहिलेल्याला सांगायला नको. आत जेवढे, त्याहून जास्त बाहेर लटकलेले, आणि एका बाजूला दरी. सर उतरले तेव्हा ओठ पांढरे पडले होते. पाणी प्यायले, वडिलांसमोर बसले आणि म्हणाले, "काही होणार नाही. पोरीला शिकू द्या." जन्मभर दुसऱ्यांना विचारलेलं वाक्य त्या दिवशी त्यांनी वडिलांना उत्तर म्हणून दिलं. आमच्या घरात मी पहिली पदवीधर झाले, ती त्या जीपमुळे.

सरांची आणखी एक सवय होती. धड्यात एखाद्या वीराचा मृत्यू आला की ते आमच्याकडे पाठ करून फळा पुसायला लागायचे. फळा कोराच असायचा. पुसता पुसता सांगायचे, "त्यांना पकडलं. फार छळलं. मग ते गेले." एवढंच. मग वळून, तो माणूस जिवंत असताना काय काय करत होता, ते घंटा होईपर्यंत सांगत बसायचे. पोरं कुजबुजायची, सर रडतात. पुढे मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायला लागले आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली, तेव्हा एकदा विचारलं. म्हणाले, "रडत नाही गं. माझं तोंड कसं होतं ते पोरांनी बघू नये, म्हणून वळतो."

मग तो सिनेमा आला.

आमच्या डोंगरातल्या एका वीराची गोष्ट होती. इंग्रजांशी लढला, पकडला गेला, त्याचे हाल केले आणि त्याला झाडाला फाशी दिलं. मोठ्या पडद्यावर पहिल्यांदा आमच्यासारखे चेहरे आणि आमच्यासारखे डोंगर दिसणार म्हणून मी दिवस मोजत होते. जाहिरातीचा तुकडा सगळ्यांच्या फोनवर होता. त्यात लढाई थोडी आणि फाशी जास्त होती. करकरणारा दोर, हवेत हलणारे पाय आणि ढोल.

त्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत सर व्हरांड्यातून धावताना दिसले. सर कधी धावत नसत. मागच्या कडुलिंबाच्या झाडाखाली पोरं गोल करून उभी होती आणि कंपासपेट्या वाजवत होती. मध्ये विटांच्या चळतीवर सहावीतला एक मुलगा, गळ्यात दोर, दोराचं दुसरं टोक फांदीवर. तो हसत होता. एक जण विटांना पाय लावून तयार होता. सरांनी त्या मुलाचे दोन्ही पाय छातीशी कवटाळले आणि त्याला वर उचलून धरलं. मी दोर सोडवला तरी ते त्याला खाली ठेवेनात.

"सर, खेळ होता," मुलगा म्हणाला. "सोडा ना. गुदगुल्या होतात."

गावातल्या तरुण मंडळाने सगळ्या शाळेला सिनेमा फुकट दाखवायचं ठरवलं होतं. मंडळाचा अध्यक्ष सरांचाच जुना विद्यार्थी. सर मुख्याध्यापकांकडे गेले. "पाचवी-सहावीला नको नेऊ या."

"आणि मंडळाला काय सांगू? आमची पोरं भितात म्हणून?" मुख्याध्यापक म्हणाले. "सर, तुमची भीती पोरांना लावू नका."

बस भरून आम्ही नंदुरबारच्या टॉकीजला गेलो. सर खुर्चीवर बसले नाहीत. पाचवी-सहावीच्या रांगेपुढे, पायरीवर, पडद्याकडे पाठ करून बसले. आमच्यातला एक शिक्षक म्हणाला, "सर, इथेही फळा पुसताय का?" आम्ही हसलो. सरही हसले.

पहिला अर्धा भाग मी रडत पाहिला. आमची भाषा, आमची बासरी, नदी पार करणारी माणसं. उत्तरार्धात त्याला पकडलं. मग चाबूक हळूहळू वर जायला लागला. इतका सावकाश, की रक्ताचा एकेक थेंब वेगळा दिसावा. ढोल वाढत गेला. मागून शिट्ट्या, घोषणा, फोनचे दिवे. त्याच्या पाठीवरची कातडी कशी फाटते, ते पुन्हा दुसऱ्या बाजूने दाखवलं, मग वरून दाखवलं. आणि खरं सांगते, हे थांबावं असं वाटत नव्हतं. पुढचं बघायचं होतं. त्या वाटण्याची मला आजही भीती वाटते.

पुढच्या रांगेतून पाचवीतला बारीक आवाज आला, "आता फाशी. आता फाशी बघ."

"थांब ना," दुसरा म्हणाला. "आधी पाय दाखवतात."

सर उभे राहिले. पडद्याच्या उजेडात त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त हात हलताना दिसला. "चाला," ते म्हणाले. "पाचवी, सहावी. चाला बाहेर."

"ओ मास्तर, खाली बसा!" मागून कोणी ओरडलं. एका फोनचा दिवा सरांच्या अंगावर पडला, मग दुसरा. सर धडपडत, मुलांना पुढे घालून दाराकडे निघाले. मी जवळच्या दोन मुलींचे हात धरले आणि त्यांच्या मागे गेले. कोणीतरी माझी ओढणी ओढली. मी वळून पाहिलं नाही.

बाहेर उन्हात मुलं गोंधळून उभी राहिली. एक मुलगा हुंदके देत होता. मी जवळ घेतलं तर म्हणाला, "मॅडम, फाशी राहिली."

सर टॉकीजच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरं रडली असती ना, तर मी बसून राहिलो असतो. रडून झाल्यावर समजावलं असतं. पण मी त्यांची तोंडं बघत होतो, बेटा." मग हळूच म्हणाले, "त्या वाट दखी ऱ्हायन्तात." ते वाट बघत होते. आपल्या माणसाच्या मरणाची.

आम्ही गावी पोचण्याआधीच कोणीतरी काढलेली चित्रफीत गावात पोचली होती. अंधारात धडपडणारे सर, आणि वर लिहिलेलं, ‘वीराचा अपमान करणारा शिक्षक’. माझ्या भावाने मोलगीहून फोन केला. "तू त्यात दिसतेस. ओढणी हिरवी होती का?" मी हो म्हटलं. "काही दिवस ती घालू नकोस," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासाला मोटारसायकली शाळेच्या आवारात आल्या. तो आवाज ऐकून मुलांनी स्वतःहून वर्गाची दारं लावली. कोणी सांगितलं नव्हतं. सरांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बोलावलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले आणि तिथेच थांबले.

अध्यक्ष समोर उभा होता. त्याने नमस्कार केला, तो खरा नमस्कार होता. "सर, तुम्ही मला शिकवलं, म्हणून आधी विचारतो. पोरांना का उठवलं?"

सरांनी खुर्चीची पाठ धरली. मग म्हणाले, "घरात माणूस गेलं तर अंगणात त्याला शेवटची अंघोळ घालतो आपण. तेव्हा चहूबाजूंनी चादर धरतो ना? कोणी डोकावलं तर त्याला काय म्हणतो?"

अध्यक्षाचे डोळे भरले. त्याचा राग खोटा नव्हता. "तुम्ही आयुष्यभर चादरच धरली, सर. दोन ओळीत उरकलं. म्हणून आमचा माणूस कोणाला ठाऊकच नव्हता. आज पहिल्यांदा चादर निघाली. त्याने काय सोसलं ते लोकांनी बघायचं नाही?"

त्याचं म्हणणं मलाही पटत होतं. आजही थोडं पटतं. तो वीर माझ्याही डोंगरातला आहे.

"सोसलं ते सांग ना," सर म्हणाले. "सगळं सांग. पण ढोल कसाले, भाऊ? शिट्ट्या कसाले?"

"भाषण पुरे," मागचा एक जण म्हणाला. त्याने फोन सरांच्या तोंडासमोर धरला. "हात जोडा. म्हणा, मी माफी मागतो."

असे माफीचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. जोडलेले हात, खाली गेलेली मान, मागे उभे असलेले लोक. खोलीत आता सात-आठ जण होते आणि दाराशी आणखी. मुख्याध्यापक टेबलावरच्या काचेकडे बघत होते. सरांनी हात जोडले. हात इतके कापत होते की बोटं एकमेकांवर आपटत होती.

"मी माफी मागतो," सर म्हणाले. "पाचवी आणि सहावीच्या मुलांची. त्यांना काय दाखवणार आहेत ते मला माहीत होतं. तरी मी त्यांना आत घेऊन गेलो."

फोनवाल्याने अध्यक्षाकडे पाहिलं.

"हे नाही," फोनवाला म्हणाला. "वीराची माफी मागा. परत."

सरांनी पुन्हा हात जोडले आणि पुन्हा तेच म्हणाले, त्याच शब्दांत, तितकेच घाबरून. कोणीतरी त्यांची कॉलर धरली. सदऱ्याचं बटण तुटून फरशीवर गेलं.

"सोड," अध्यक्ष म्हणाला. "सोड त्यांना." मग सरांकडे न बघता, "सोमवारी येतो. तोवर विचार करा, सर."

मोटारसायकली गेल्या. मी सरांना पेला भरून दिला. तो दातांवर खडखड वाजत राहिला, पाणी सदऱ्यावर सांडलं. तुम्हाला वाटेल की त्या दिवशी सरांची भीती गेली. नाही गेली. उभं राहायला त्यांना माझा आणि शिपायाचा आधार लागला. घरापर्यंत ते स्कूटीवर माझ्या मागे डोळे मिटून बसले आणि दर वळणावर विचारत होते, मागून कोणी येतंय का?

सोमवारी सर आले नाहीत. दीर्घ रजेवर गेले, असं मुख्याध्यापकांनी सांगितलं. त्यांची मुलगी सुरतेला असते, तिच्याकडे. निवृत्ती जवळच आहे, आता काय परत येतील, असंही म्हणाले. माणसं सोमवारी आली, सर नाहीत म्हणून निघून गेली. तो माफीचा व्हिडिओ कुठेच दिसला नाही. टॉकीजमधला मात्र अजून फिरतो. सरांचं नाव, त्या वीराचं नाव आणि माझंही नाव मी इथे लिहिलेलं नाही. त्याचं कारण एवढंच, की मला भीती वाटते.

इतिहासाचे तास माझ्याकडे आले. परवा त्या वीराचा धडा आला. मी वर्गाकडे तोंड करून उभी राहिले आणि जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं, पकडल्यापासून झाडापर्यंत. ढोलाशिवाय सांगायला फार वेळ लागला नाही. शेवटच्या बाकावर आमच्याच बाजूच्या पाड्यातली एक मुलगी बसते. वर्षभरात ती तोंड उघडून बोलली नव्हती. ती उभी राहिली.

"मॅडम, झाडाकडे नेताना त्यांना भीती वाटली असेल?"

वर्ग हसला. कोणीतरी म्हणालं, "येडी! ते वीर होते." मुलगी खाली बसली. उद्या सांगते, असं मी म्हणाले.

संध्याकाळी मी सुरतेला फोन लावला आणि सरांना तो प्रश्न सांगितला. पलीकडे रिक्षांचे हॉर्न वाजत होते. कोण मुलगी, कुठल्या पाड्यातली, ते सरांनी आधी विचारून घेतलं.

"सांग तिले," ते मग म्हणाले. "वाटनीच व्हई. वाटलीच असेल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात तसं सांगितलं. आधी दार लावून घेतलं.