अर्ध्या वाक्याचं कार्ड

काकाच्या शर्टांचा डावा खिसा उजव्यापेक्षा मोठा असे. काकू तो स्वतः मापून शिवायची. अर्ध्या पोस्टकार्डाएवढी जाड पिवळी कार्डं, वीस-पंचवीसचा गठ्ठा, वर रबर बँड. एवढा ऐवज त्यात उभा राहायला हवा आणि माणूस बूट घालायला वाकला तरी सांडता कामा नये. बाहेरचा शिंपी असा खिसा शिवायला तयारच नव्हता. शर्टाचा चेहरा बिघडतो, असं त्याचं म्हणणं.

काका कोशाच्या कचेरीत नोकरीला. इंग्रजी शब्द, त्याचे मराठी अर्थ आणि तो शब्द आपल्या बोलण्यात शिरला असेल तर आपण तो कसा वापरतो याची वाक्यं, असा अनेक खंडांचा कोश तिथे वर्षानुवर्षं चालला होता. प्रत्येकाला शब्द वाटून दिलेले. काकाच्या वाट्याला आलेल्यांत ‘लाइन’ होता. तेव्हाचे संपादक, म्हणजे मोठे साहेब, यांनी त्याला या शब्दासाठी आठवडा दिला. रेघ, रांग, ओळ, दोरी. आणखी काय असणार? आठवड्याने काका एकोणीस अर्थ घेऊन गेला आणि म्हणाला, अजून येतायत.

ते पुढे चार वर्षं येत राहिले.

कचेरीचा नियम कडक होता. वाक्य रचायचं नाही, ऐकायचं. कुणीतरी कुठेतरी खरोखर बोललेलं पाहिजे. कार्डाच्या मध्यावर वाक्य, खाली बोलणाऱ्याचा व्यवसाय, वय, जागा आणि तारीख. नाव लिहायचं नाही. शिवाय कोशात छापताना कुठलंही वाक्य आठ शब्दांच्या वर जाऊ द्यायचं नाही, कारण खंड आधीच कुणाला उचलवत नव्हते. हा आठ शब्दांचा नियम काकानेच सुचवलेला. मोठ्या साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो फ्रेम करून भिंतीवर लावला.

काका मग कान टवकारून हिंडायला लागला. बँकेतल्या शिपायाने लोकांना लाइनीत या म्हणून खडसावलं, की काका लाइन सोडून बाजूला आणि खिशातून कार्ड बाहेर. परत येईपर्यंत नंबर गेलेला. शिंपी म्हणाला, खांद्याची लाइन उतरलीय, कार्ड. कोपऱ्यावरची पोरं कुणावर तरी लाइन मारायच्या गोष्टी करत होती, तिथे काका वर्तमानपत्र उलटं धरून पाऊण तास उभा. पोरांना वाटलं, हा मुलीचा बाप. गल्लीत त्याचं नाव ‘लाइनवाले’ पडलं. एकदा समोर नवे भाडेकरू आले, त्यांनी हे नाव ऐकलं आणि दार वाजवून म्हणाले, आमच्याकडे सकाळपासून लाइन नाहीये, जरा बघता का? काकाने त्यांना आदराने बसवलं, त्यांचं वय विचारलं, व्यवसाय विचारला, कार्ड लिहिलं आणि आभार मानले. फ्यूज काकूने जाऊन घातला.

काकू कापडाच्या दुकानात काउंटरला होती. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, उभ्याने. घरी सहा वर्षांची मुलगी आणि अंथरुणाला खिळलेले सासरे. दिवसभर त्यांच्यापाशी एक बाई असायची, ती सहा वाजता जायची. सहा ते सव्वासात हा घरातला सगळ्यात अवघड काळ. तेवढा वेळ खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई मुलीला सांभाळून आजोबांकडे डोकावायच्या. काका घरी यायचा नऊ-साडेनऊला. पाचनंतर कचेरी रिकामी होते, आणि तेव्हाच कार्डं नीट लावता येतात, असं तो सांगायचा. आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुकच होतं. घरात एक विद्वान माणूस आहे, असं आम्ही बाहेर सांगायचो.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. मोठे साहेब कधीच निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्या संपादकबाई काकापेक्षा वीस वर्षांनी लहान, कामाला वाघ. कोशाचं काम मध्यंतरी अनेक वर्षं थंड पडलं होतं. बाईंनी ते हलवलं, आणि ‘लाइन’चा खंड एकदाचा छापखान्यात निघाला. काकाची एकोणसाठ कार्डं बाईंनी एका दुपारी वाचून काढली. अठ्ठावन्न पास झाली. एक परत आलं.

काकाचंच अक्षर, तारीख बावीस वर्षांपूर्वीची. वाक्य असं: ‘मला आता लाइन बदलायची आहे...’ पुढे तीन टिंबं. खाली: गृहिणी, वय तेहेतीस, राहतं घर, सकाळ. त्याखाली बाईंनी पेन्सिलीने विचारलं होतं, ‘गृहिणीला कुठली लाइन बदलायची होती? पुढचं वाक्य?’

बाई म्हणाल्या, एवढं काही नाही, काम-धंदा या अर्थाची आणखी तीन कार्डं आहेत, हे टाकून देऊ. काका म्हणाला, नको, मी विचारून येतो. बाई हसल्या. बावीस वर्षांनी ही गृहिणी कुठे शोधणार तुम्ही?

“सापडेल,” काका म्हणाला.

त्याला ती सकाळ आठवत होती. तो बूट घालत होता. काकू दाराशी उभी होती, पर्स खांद्याला. तिने ते वाक्य म्हटलं, आणि काकाच्या कानात घंटी वाजली. कारण या अर्थाचं वाक्य तोवर त्याला मिळालं नव्हतं. सगळे नुसते ‘कुठल्या लाइनमध्ये आहात’ असं विचारायचे, लाइन बदलणारं कुणी भेटलं नव्हतं. त्याने हात वर केला. “थांब, थांब,” म्हणाला, आणि एक बूट पायात, एक हातात, अशा अवस्थेत त्याने गुडघ्यावर कार्ड लिहिलं. लिहून वर बघितलं तर ती जिना उतरत होती. उशीर झाला असेल, असं त्याला वाटलं. ती पुढे काय म्हणणार होती, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. कार्डापुरतं मिळालं होतं.

त्या संध्याकाळी, म्हणजे गेल्या वर्षीच्या, काका घरी आला तेव्हा काकू खुर्चीत बसून गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून होती. अजूनही ती त्याच दुकानात आहे. आजोबा जाऊन खूप वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन परगावी. घरात दोघंच. काकाने शर्ट बदलला नाही, चहा मागितला नाही. स्टूल ओढून तो तिच्यासमोर बसला आणि कार्ड तिच्या हातात दिलं. काकूने चष्मा लावला. बराच वेळ तिने ते वाचलं. एवढा वेळ लागावा इतकं त्यावर काही नव्हतं.

“ही गृहिणी कोण?”

“तूच की.”

“मी तेव्हा सहा वर्षं दुकानात उभी होते.”

काका गडबडला. चुकून पडलं असेल, म्हणाला, आत्ता खोडतो. काकू म्हणाली, राहू द्या. ती टिंबांवरून बोट फिरवत होती, कापडाचा पोत बघावा तशी.

“पुढे काय म्हणणार होतीस?” काकाने विचारलं.

“कुणाला हवंय? कचेरीला?”

“कचेरीला.” मग थोडं थांबून, “मलाही.”

“आधी कचेरी म्हणालात,” काकू म्हणाली. पण रागाने नाही. दुकानात गिऱ्हाइकाला मीटरचा भाव सांगावा, तशी.

मग तिने सांगितलं. त्या सकाळच्या दोन महिने आधी आजोबांना दवाखान्यात ठेवलं होतं. त्यांच्या हातातली सलाइनची सुई निघाली होती. नर्स आली आणि म्हणाली, बाबांची लाइन आउट झालीय. काका पलंगाच्या पायथ्याशी होता. त्याने लगेच पाठ फिरवून कार्ड काढलं. ते एकोणसाठातलंच एक. त्याची पाठ होती तेव्हा काकूने सासऱ्यांचा हात धरला. म्हातारा कुणाला हात लावू देत नव्हता, तिला देऊ लागला. नर्सला तिने पट्टी धरून दिली, शीर दाखवली. सुई पहिल्याच फटक्यात बसली. नर्स तिला म्हणाली, तुमचा हात फार हलका आहे, तुम्ही या कामात यायला हवं होतं. काकूने विचारलं, आता येता येतं का? नर्सने वय विचारलं आणि सांगितलं, येतं, पस्तिशीपर्यंत घेतात. दोन वर्षांचा वर्ग, दुपारी दोन ते आठ.

“मी फॉर्म आणला,” काकू म्हणाली. “भरला. दुकानात मालकिणीशी बोलले, ती सकाळची वेळ द्यायला तयार होती. शिक्षिकाबाईंची त्याच महिन्यात बदली झाली, म्हणून संध्याकाळचं तेवढं राहिलं होतं.”

काका ऐकत होता. कार्ड तिच्या हातात, त्यामुळे त्याचे हात मोकळे होते, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं.

“मी म्हणणार होते, मला आता लाइन बदलायची आहे, तेवढी दोन वर्षं तुम्ही सहाला घरी याल का?”

टबातलं पाणी निवलं होतं. काकाने ते उचलून न्यायला हवं होतं. त्याऐवजी त्याने विचारलं, मग संध्याकाळी का नाही विचारलंस?

“विचारणार होते. जागी होते. तुम्ही साडेनऊला आलात आणि आल्या आल्या म्हणालात, आज एक सुंदर वाक्य मिळालं. मला ते वाचूनही दाखवलंत.” काकूने चष्मा काढला. “मला वाटलं, झालं की यांचं ऐकून.”

“मी आलो असतो.”

“आला असतात की नाही, ते आता तुम्हालाही कळायचं नाही.”

फॉर्मचं काय केलंस, असं काकाने विचारलं. त्याला काय हवं होतं कोण जाणे. कदाचित तो जपून ठेवला असेल असं वाटलं असेल. काकू म्हणाली, कागद चांगला जाड होता, तुमच्या खिशाचा नमुना कापला त्याचा. अजून तोच वापरते.

काका कार्ड घेऊन टेबलाशी गेला आणि पेन हातात घेऊन नुसता बसून राहिला. शेवटी काकूच आतून म्हणाली, लिहा आता, विचारलंत म्हणून सांगितलं. त्याने टिंबं खोडली आणि उरलेलं वाक्य लिहिलं. ‘गृहिणी’ खोडून ‘कापड दुकानात विक्रेती’ लिहिलं. अक्षर खराब आलं. दुसरं कार्ड घ्यावं असं त्याला एकदा वाटलं, पण नियमाप्रमाणे कार्ड मूळ असावं लागतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी ते वाचलं. छान, म्हणाल्या, आता अर्थ स्वच्छ झाला. मग पेन्सिलीच्या टोकाने त्यांनी शब्द मोजले. तेरा. त्यांनी ‘आहे’च्या पुढे एक पूर्णविराम दिला आणि पुढच्या शब्दांवरून एक हलकी रेघ ओढली.

काका उभाच होता.

“काही म्हणायचंय का?” बाईंनी विचारलं.

काका म्हणाला, पुढचं ठेवता आलं तर बघा. बाईंनी भिंतीवरच्या फ्रेमकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण त्या हळू बोलल्या. म्हणाल्या, एकाला सवलत दिली तर सगळ्यांची वाक्यं लांबतील, आणि तुम्हीच तर हे आम्हाला शिकवलंत. काकाने मान हलवली. हे त्याला पटलं, आणि तेच जास्त वाईट होतं.

पाचच्या ठोक्याला त्याने टेबल आवरलं. शेजारच्या कारकुनाने आधी घड्याळाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बरं नाही का? काका म्हणाला, बरा आहे.

बरोबर सहाला तो दारात होता, आणि दाराला कुलूप होतं. तीस वर्षांच्या संसारात तो घरी आला तेव्हा घर नेहमी उघडं असायचं; आत कुणीतरी असायचंच. त्याच्याकडे किल्ली नव्हती. ती कुठे ठेवतात हेही ठाऊक नव्हतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. वरचे भाडेकरू त्याला ओलांडून गेले, कुणी विचारलं, काय लाइनवाले, आज इथे? तो नुसता हसला. खिशातली कार्डं त्याला टोचत होती, म्हणून त्याने गठ्ठा काढून पायरीवर ठेवला.

साडेसातला काकू आली, हातात भाजीची पिशवी, पाय सुजलेले. त्याला पायरीवर बघून ती दोन पायऱ्या खालीच थांबली.

“काय झालं?”

“काही नाही. सहाला आलो होतो.”

काकूने त्याच्याकडे पाहिलं, मग पायरीवरच्या गठ्ठ्याकडे. पर्समधून किल्ली काढली, पिशवी त्याच्या हातात दिली आणि कुलूप उघडलं.

“जादा किल्ली खाली असते, शिक्षिकाबाईंच्या जागेत आलेल्या शिंपीणबाईंकडे,” ती आत जाता जाता म्हणाली. “बारा वर्षं झाली.”

आत तिने दिवा लावला. काका पिशवी धरून थोडा वेळ दारातच उभा होता.