भुताची कॅसेट घेऊन मानवतला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे तोंड धुणं. मी तांब्याने पाणी ओतत होतो आणि माझी बायको गयाबाई तोंडाला फासलेलं जवारीचं पीठ धूत होती. सिनेमातल्या भुताचं सोंग होतं ते.

"कानामागं ऱ्हायलंय," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या, भाकरीला होईल."

त्याच हप्त्यात ती तापाने गेली. सवाष्ण गेली की शेवटची ओटी माहेरची लागते. तिचं माहेर मानवत. विद्यापीठाच्या नामांतराचा बंद होता, एसटी उभ्या. माहेरचं कोणी पोचलं नाही. ओटी शेजारणीने भरली.

सिनेमा बबनचा. तो आमच्या चारठाण्यात लग्नाची शूटिंग करतो. भूत बघायला गेलेली माणसं गायब होतात, त्यांचा कॅमेरा बारवेत (पायऱ्यांची जुनी विहीर) सापडतो आणि त्यात जे निघतं तोच सिनेमा. पहिला भाग लोकांनी पाहिला, म्हणून हा दुसरा. चार गोष्टी, तिसरीत गयाबाई. खर्च म्हणाल तर पीठ, कंदील आणि माझी म्हैस.

बबन एक दिवस मान खाली घालून आला. "आबा, मानवतचा व्हिडिओवाला म्हनतो, भूत तरणं पायजे, म्हातारीला काढ. उद्या लावून बघू म्हनला. लोक हसले तर म्हातारीचं पुसून तेवढ्यावर दुसरं भरावं लागंल."

कॅसेट एकच. आमच्याकडे तिचा फोटोसुद्धा नाही. मी म्हणालो, "मी येतो. कॅसेट मी धरतो."

सकाळच्या एसटीने सेलू. जिनिंगकडे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, रस्त्यावर सगळीकडे कापूस उडत होता. स्टेशनवर भजी खाल्ली. तेल जुनं होतं, मिरची मात्र चांगली होती. पॅसेंजरला ही गर्दी. मी कॅसेटची पिशवी छातीशी धरून उभा.

"काय हाय पिशवीत, बाबा?" एकाने विचारलं.

"बायको."

तो झटकन उठला. त्याला अस्थी वाटल्या असतील. मी खिडकीशी बसलो.

मानवत रोडला उतरून टांगा केला. दोन्हीकडे काळं रान, त्यात उभ्या पऱ्हाट्या (कापूस वेचून उरलेली वाळकी झाडं). अर्ध्या वाटेत घोडं अडलं. कॅसेट पटक्यात बांधून आम्ही पायीच निघालो.

व्हिडिओ म्हणजे कापसाचं जुनं गोदाम. टेबलावर टीव्ही, खाली पोती. बाजारचा दिवस, दुपारचा खेळ, त्यामुळे बायाच जास्त.

"म्हातारं भूत कोन बघंल?" मालक म्हणाला.

"तू बघ," मी म्हणालो.

पहिल्या गोष्टीला लोक हसले. दुसरीत माझ्या म्हशीला बघून जास्तच हसले. बबन मालकाकडे बघू लागला. मग कंदील हलला, पायऱ्या दिसल्या आणि खालून गयाबाई वर आली. बबनने तिला किंचाळ म्हणून सांगितलं होतं. ती किंचाळली नाही. आमच्याकडे बघून सावकाश म्हणाली, "म्हायेरची ओटी तेवढी ऱ्हायली."

कोणी हसलं नाही. मालकाने घाबरून बटण दाबलं, तसं चित्र थरथरत उभं राहिलं.

पुढची एक म्हातारी उठली. "बंद करू नगा रं. तशीच जाईल ती." तिने बाजाराच्या पिशवीतून तांदूळ काढले, नारळ काढला, टीव्हीपुढे ठेवला. काचेवर कुंकू लावलं. "कुठली गं तू माय?"

"मानवतची," मी मागून म्हणालो.

मग बायांची रांगच लागली. टेबल पुरेना.

मालक काच पुसायला गेला अन् तसाच थांबला. "आबा, सिनेमात म्हातारीच ऱ्हाऊ द्या. सांजच्याला आनखी एक खेळ लावतो."

"लाव की. तिचं म्हायेरच हाय."

बबन कॅसेट घेऊन तिथेच राहिला. मी सांजच्या गाडीने परतलो, धोतराच्या सोग्यात तांदूळ आणि नारळ घेऊन. लोक भुताला वाईट म्हणतात. आमचं भूत म्हायेरी जाऊन मानाने ओटी घेऊन आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जन्मात पहिल्यांदा चूल पेटवली आणि ते तांदूळ शिजवले. खाली लागले. दोन ताटं वाढली. दोन्ही मीच संपवली.