क्रिसांतो लिवानाग आणि न घसरणारा बूट

फिलिपिन्समधल्या मारिकिना या बुटांच्या गावात, बूट करणाऱ्या घराण्यात जन्माला येऊन एकोणपन्नासाव्या वर्षी ज्याला स्वतःच्या पायात काय घालावं ते कळेना, असा तिथे एकच माणूस होता. त्याचं नाव क्रिसांतो लिवानाग. पिण्याचं पाणी निळ्या बाटल्यांत भरून देणारी त्याची तीन दुकानं होती, मिला नावाची खमकी बायको होती, आणि दर रविवारी सगळं सोडून डोंगरात पळण्याइतकी हौसही होती.

डोंगरात म्हणजे सान मातेओ गावाच्या वर, एका बंद पडलेल्या दगडखाणीत. तिथे नेमबाजांचा क्लब होता. एका जागी उभं राहून, श्वास रोखून एकाच चकतीवर नेम धरायची ती नेमबाजी नव्हे. कानाशी यंत्र किंचाळलं की पिस्तूल काढायचं आणि पळत सुटायचं. भिंतीआडून, खिडकीतून, फळ्यांच्या पुलावरून दिसेल त्या पुठ्ठ्याला दोन गोळ्या आणि दिसेल त्या पत्र्याला एक. किती लागल्या आणि किती सेकंदांत, यावर गुण. पळताना बोट चापाबाहेर हवं आणि नळी समोरच्या मातीच्या बांधाकडे हवी. नळी मागे वळली किंवा पिस्तूल हातून सुटलं की माणूस सगळ्या सामन्यातून बाद. त्यामुळे पाय घसरणं ही तिथे नुसती हसण्याची गोष्ट नव्हती. हसायचे सगळे, ते वेगळं.

सगळ्यात जास्त हसायला लावायचा क्रिसांतो. चौतीस जणांत त्याचा नंबर तेहतिसावा. चौतिसावे एक निवृत्त न्यायाधीश होते. त्यांचा एक गुडघा लोखंडी होता.

आपला नेम वाईट आहे असं क्रिसांतोने कधी मानलं नाही. त्याच्या मते सगळा दोष बुटांच्या तळांचा. आधी त्याने लष्करी बूट घेतले. त्यात तो असा पळायचा की जणू कोणी त्याच्या दोन्ही पायांना तक्रार घेऊन लोंबकळतंय. मग बास्केटबॉलचे घेतले. सिमेंटवर ते झकास धरायचे, पण पहिल्या पावसात गवतावर त्याने जी फेरी मारली ती पाहून रेंजचा मुख्य अधिकारी देल्फिन दोस्तीतली हाक मारून म्हणाला, "पारे, नाच शिकायचा असेल तर माझ्या मेहुणीचा क्लास आहे." मग फुटबॉलचे, खाली प्लास्टिकच्या खुंट्या असलेले. चिखलात खुंट्या छान रुतल्या. पुढे सिमेंटचा कठडा होता आणि त्यावर आधीच्या लोकांनी झाडलेल्या गोळ्यांची पितळी टोपणं सांडलेली होती. खुंट्या आणि टोपणं यांची गाठ पडली तेव्हा क्रिसांतोचा एक पाय मनिलाकडे गेला आणि दुसरा डोंगरमाथ्याकडे.

पण एक गोष्ट कबूल करायला हवी. इतक्या वेळा आपटून आपटून माणूस शहाणा झाला होता. कोणीही नवा बूट घालून आला की क्रिसांतो त्याच्या पायाशी उकिडवा बसायचा, तळाच्या रबरात अंगठ्याचं नख रुतवायचा आणि निकाल द्यायचा. "मऊ आहे. ओल्या फळीवर धरेल. खडीवर वर्षभरात झिजेल, पण झिजू दे." किंवा, "दात फार खोल आहेत. चिखल भरून राहील. चिखल भरला की दात असून नसल्यासारखे." हे निकाल अचूक असायचे. नेनिता कापुलोंग, शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेली अठ्ठावन्न वर्षांची बाई, तिला सगळे आते, म्हणजे ताई, म्हणत. तिने त्याचं ऐकून बाजारातल्या टपरीवरून राखाडी रंगाचे, आखूड दातांचे, मऊ तळाचे साधे बूट घेतले आणि त्या वर्षी तिच्या वयोगटात पहिली आली.

"मग तू का नाही घेत असले?" तिने विचारलं.

क्रिसांतोने त्या राखाडी बुटांकडे पाहिलं. शाळेच्या शिपायाच्या पायात शोभतील असे होते. "आते, तुमची गोष्ट वेगळी," तो म्हणाला. "मला जरा वरच्या दर्जाचं लागतं."

वरच्या दर्जाचं जुलैत परदेशातून खोक्यात बसून आलं. नारिंगी रंग, डोंगरातून पळण्यासाठी खास बनवलेले, तळाला मगरीच्या जबड्यासारखे दात. असले दात चिखल धरून ठेवतात, हे त्यानेच निदान वीस जणांना सांगितलं होतं. पण ते वीस जण म्हणजे सामान्य लोक, आणि त्यांचे बूट नारिंगी नव्हते. मिलाने खोकं उघडून पाहिलं आणि विचारलं, "हे अंधारात चमकतात का?"

"कशाला चमकायला हवेत?"

"नाही, तू पडल्यावर शोधायला बरं."

ऑगस्टात प्रांताचा सामना होता. आधीचे तीन दिवस पाऊस कोसळत होता. तिसऱ्या टप्प्यात पळायची वाट होती ती पाहून देवालाही बूट बदलावेसे वाटले असते. आधी घोटाभर लाल चिखल, मग खड्ड्यावर टाकलेला फळ्यांचा पूल, मग खडी. सुरू व्हायच्या आधी सगळे ती वाट नजरेखालून घालतात, हवेत बोटं रोखून गोळ्या मोजतात. नेनिता पुलापाशी थांबली आणि बुटाच्या टोकाने फळी घासून म्हणाली, "सांतो, शेवाळ धरलंय. चढायच्या आधी पाय आपट. एक सेकंद जाईल, जाऊ दे."

"आते, हे बूट आल्प्सच्या डोंगरात तपासलेत."

"तिथे ही फळी होती का?"

क्रिसांतो हसला. जाणकार माणूस अडाण्याला हसतो तसा.

यंत्र किंचाळलं. चिखलात तो खरोखर छान पळाला, इतका की देल्फिनने मागून धावताना भुवया उंचावल्या. पहिले चार पुठ्ठे झाले. मग त्याने पाय न आपटता पुलावर उडी घेतली. मगरीच्या जबड्यात तोवर शेरभर लाल माती बसली होती. त्या मातीने फळीवर असा हात फिरवला जसा लोणी लावलेल्या सुरीने पावावर फिरवावा. क्रिसांतो आडवा झाला आणि पोटावर घसरत, पूल संपेपर्यंत, न थांबता गेला.

पण जाताना त्याचे दोन्ही हात पुढे ताठ होते. पिस्तूल मुठीत, नळी बांधाकडे, बोट चापापासून चांगलं इंचभर दूर. देल्फिन डोळे त्याच्या बोटावर खिळवून शेजारून पळत होता. "थांब" म्हणायला त्याचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं, कारण थांबवण्यासारखं नियमात काही घडलंच नव्हतं. मग क्रिसांतो उठला. फाटक्या पँटने खडीवर गेला, उरलेले पुठ्ठे उरकले. बाकीच्यांना वीस सेकंद लागले होते. याला अठ्ठावन्न.

पिस्तूल रिकामं होऊन म्यानात गेल्यावर देल्फिन म्हणाला, "एकोणीस वर्षं हे काम करतोय. इतका सुरक्षित आणि इतका कुरूप पडलेला माणूस पाहिला नाही."

क्रिसांतोने त्यातला पहिला शब्द मनात साठवला आणि दुसरा ऐकला नाही असं केलं. पण संध्याकाळपर्यंत ते दृश्य कोणीतरी गाणं लावून सगळ्यांच्या फोनवर पोचवलं. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या दुकानात बाटली भरायला आलेल्या बाईने मिलाला ते दाखवलं. मिलाने दोनदा पाहिलं. रात्री जेवताना तिने त्याच्या ताटात भात वाढला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आधीपासूनच पोटावर जा. तिथे पकड चांगली दिसते."

आता त्याला एकच उपाय सुचला. नारिंगी बुटांचा वरचा भाग तसाच ठेवायचा आणि खाली दुसरा तळ बसवून घ्यायचा. असं काम करणारा मारिकिनात एकच माणूस उरला होता आणि नेमका तोच त्याला नको होता. आउरेल्यो दे ला पास, वय शहात्तर. क्रिसांतोच्या बापाच्या कारखान्यात तीस वर्षं बूट शिवलेला, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी क्रिसांतोला हातावर घेतलेला त्याचा धर्मपिता, म्हणजे निनोंग. बाप वारल्यावर कारखाना बंद झाला. त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून क्रिसांतो निनोंगकडे फक्त नाताळात जायचा आणि तोही रिक्षा चालू ठेवून.

म्हाताऱ्याने नारिंगी बूट हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, वास घेतला. "हे काय आहे?"

"बूट आहे, निनोंग."

"ते मलाही दिसतं. बूट करणाऱ्याच्या मुलाच्या पायात काय करतोय ते विचारतोय. काढ दुसरा. मोजेही काढ."

मग त्याने बादलीभर पाणी फरशीवर ओतलं आणि क्रिसांतोला अनवाणी इकडून तिकडे चालायला लावलं. चार फेऱ्या झाल्या. मग ओल्या पायांनी बूट घालून चार. म्हाताऱ्याने गुडघ्यावर बसून बुटाच्या टोकाला अंगठा दाबला. टोक आत गेलं. बोटभर पोकळी होती.

"दीड नंबर मोठा घेतलायस."

"माझा पाय रुंद आहे. बरोबर नंबरात कडेला दाबतं."

"रुंद आहे. बापाचाही होता. म्हणून लांब बूट घेतलास? जमिनीवर बूट घसरायच्या आधी बुटात तूच घसरतोयस. थांबायला गेलास की पाय पुढे, टाच वर. तळ सोन्याचा लावला तरी पडशील." आणि मग, आवाज न बदलता, "तुझ्या बापाचे लाकडी साचे कुठे आहेत?"

क्रिसांतो मोजे चढवू लागला.

"सगळे मिळून तीनेकशे होते," म्हातारा म्हणाला. "त्यात एक जोड तुझ्या पायाची होती. तुझ्या लग्नाच्या बुटांसाठी बापाने स्वतः तासली होती. ते बूट दाबले होते का कधी?"

नव्हते दाबले. क्रिसांतोला ते आठवलं आणि आठवल्याचा राग आला. बूट ज्यांवर चढवून शिवतात ते साचे त्याने एका जेवणघराच्या मालकाला विकले होते. जुनं मारिकिना, जुनी माणसं, जुनी चव असलं काहीतरी त्या मालकाला भिंतीवर हवं होतं. क्रिसांतोला गोदाम रिकामं हवं होतं.

त्या आठवड्यात तो कोणाला न सांगता त्या जेवणघरात गेला. कारे-कारे मागवलं आणि भिंत बघत बसला. बापाचं सगळं आयुष्य डिंकाने चिकटवून वर वार्निश मारलं होतं. आपली जोड त्याला सापडली ती हात धुवायच्या जागेच्या वर, टाचेवर पेन्सिलीने त्याच्या नावाची अक्षरं. उजव्या साच्यात हात पुसायचा रुमाल अडकवायला खिळा ठोकलेला होता. पोरीपोरी तिथे उभ्या राहून फोटो काढत होत्या.

"ही जोड मला द्या," तो मालकाला म्हणाला.

"साहेब, विकलेली वस्तू आहे. आणि रुमाल कुठे टांगू?"

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी मालकाने डावा साचा पटाशीने उचकटून दिला. उजव्याला खिळा होता, तो साचा सोडायला मालक तयार होईना. क्रिसांतो एक साचा काखोटीला मारून निनोंगकडे गेला. वाटेत त्याने मनातल्या मनात दोनतीन हळवी वाक्यं तयार केली होती.

म्हाताऱ्याने साचा फिरवून पाहिला. "तेवीस वर्षांपूर्वीचा पाय आहे हा. आता तुझा पाय पसरलाय, पोटासारखाच. काही उपयोगाचा नाही."

"मग विचारलंत कशाला?"

"तुला लाज आहे का ते बघत होतो." त्याने साचा दाराखाली सरकवला. दार वाऱ्याने आपटायचं ते थांबलं. "अर्धी आहे, असं दिसतं. ये, कागदावर पाय ठेव."

बूट तीन आठवड्यांनी झाले. काळे, आखूड दातांचे, मऊ तळाचे, रुंद आणि अजिबात लांब नाहीत. शाळेच्या शिपायाच्याच पायात शोभले असते. क्रिसांतोने नारिंगी नाड्या घालायची परवानगी मागितली. मिळाली नाही.

ऑक्टोबरच्या सामन्यात तो पडला नाही. थांबायच्या जागी थांबला, वळायच्या जागी वळला, फळीवर चढताना पायसुद्धा आपटले. आता वेळेवर पोचल्यामुळे पुठ्ठ्यांसमोर स्थिर उभं राहून चुकवायला त्याला भरपूर सवड मिळाली आणि त्याने ती घेतली. नेम खरोखर वाईट होता. तरी नंबर आला बाविसावा. लोखंडी गुडघ्याच्या न्यायाधीशांनी येऊन त्याचं अभिनंदन केलं आणि स्वतःला एकटं वाटत असल्याचं सांगितलं.

नेनिता त्याच्या पायांकडे बघत होती. "कुठून आणलेस? परदेशातून?"

क्रिसांतोच्या जिभेवर आल्प्स आला होता. त्याने तो गिळला. "इथलेच आहेत, आते. माझ्या निनोंगने केलेत. माझ्या वडिलांकडे कामाला होते." आणि कोणी विचारलं नसताना, "वडीलही बूट करायचे."

"ते सगळ्या मारिकिनाला माहीत आहे," नेनिता म्हणाली. "तूच लपवत होतास. मला एक जोड हवी."

तिच्या पाठोपाठ देल्फिनला हवी झाली, मग आणखी सहा जणांना. म्हातारा भडकला. "मला शांतपणे मरू द्या," म्हणाला, आणि लगेच अटी घातल्या: प्रत्येकाने स्वतः यायचं, अनवाणी यायचं, ओल्या फरशीवर चालून दाखवायचं. पाणी ओतायला क्रिसांतोने यायचं, कारण म्हाताऱ्याला बादली उचलवत नव्हती.

शनिवारी सकाळी नेमबाजांची रांग पँटी दुमडून दाराबाहेर उभी राहिली. सगळ्यात पुढे न्यायाधीश होते. क्रिसांतोने बादली कलती केली आणि घसा खाकरला. "आता बघा, रबराचं असं असतं की..."

"सांतो," निनोंग खालूनच म्हणाला, न्यायाधीशांचा घोटा हातात धरून, "तू फक्त ओत."

क्रिसांतोने बादली रिकामी केली.