मास्तर आपसात काय बोलले

आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत मनातल्या मनात शिवी द्यायचीसुद्धा चोरी होती. मजल्यावरचे बहुतेक पुरुष साळखात्यात, म्हणजे गिरणीच्या विणकामाच्या खात्यात. तिथे सगळे माग एकदम धडाडत असले की शेजारच्याच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू जात नाही. म्हणून ही माणसं आवाज काढायच्या भानगडीतच पडत नसत. नुसते ओठ हलवायचे आणि पलीकडच्याने ते वाचायचे. घरी आल्यावरही ती सवय सुटत नसे. या गॅलरीतून त्या गॅलरीत तासन् तास गप्पा चालत आणि मधल्या चौकात चिमण्यांच्या चिवचिवाटाचाच काय तो आवाज.

माझे बाबा त्यांच्यातले एक. चाळिशीच्या आतच त्यांचे कान गेले होते. ते स्वतः मोठ्याने बोलत आणि आम्ही त्यांच्याशी बिनआवाजी बोलत असू. आईला त्यांना बोल लावायचा असला की ती शेगडीकडे तोंड करून बोलायची. बाबा तिच्या पाठीकडे बघत बसत आणि त्यांना काय ते कळायचंच.

गॅलरीतल्या गप्पा मोठ्यांच्या असत. कुणाचं कुणाशी जमलंय, कोण कुणाच्या मुळावर उठलंय, असल्या. त्या कळाव्यात म्हणून लांबून ओठ वाचायची विद्या मी लहानपणीच गुपचूप उचलली होती. मला ती येते हे मात्र मी कुणाला, बाबांनाही, कळू दिलं नव्हतं. कळलं असतं तर ते लोक भिंतीकडे तोंड करून बोलले असते आणि माझी मजा गेली असती.

दुसरी विद्या म्हणजे चित्रं. ती लपवायची गरज नव्हती. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली होती आणि आमच्या भागात कोरी भिंत म्हणून उरली नव्हती. त्यांतल्या कितीतरी भिंतींवरचं ‘झालाच पाहिजे’ माझ्या हातचं होतं. वेलांटी अशी झोकात काढायचो की येणारी-जाणारी माणसं थांबत. कॅलेंडरवरची लक्ष्मी बघून तशीच्या तशी उतरवायचो. चाळीतल्या निम्म्या घरांत माझे देव होते. मॅट्रिक झालो तेव्हा मी चित्रकार होणार याबद्दल आमच्या मजल्यावर दुमत नव्हतं. बाबा तर खात्यात सगळ्यांना मुलाचं कौतुक आमच्या मालवणीत सांगत सुटले होते, “माझो झिल आर्टिस्ट होतलो.”

प्रश्न होता तो कुठला कोर्स घ्यायचा एवढाच. पेंटिंग, कमर्शियल, की ड्रॉइंग मास्तरचा? मला पेंटिंगच हवं होतं. त्याखेरीज मला दुसरं काही नको होतं, आणि ते मिळणार नाही असं मनातही आलं नव्हतं. गिरगावात एक चित्रकलेची संस्था होती. प्रवेशाआधी येऊन वर्ग बघा, आपलं काम दाखवा, असं त्यांनी सांगितलं होतं. त्या दिवशी बाबांनी खाडा केला. गणपतीला गावी जायचं सोडलं तर खाडा न करणारा माणूस. लग्नातला कोट चढवून ते माझ्याआधी दारात उभे राहिले.

ट्राममधून उतरून आम्ही आत गेलो. एवढ्या उंच छताची खोली मी तोवर पाहिली नव्हती. टर्पेंटाइनचा वास, चित्रं टेकवायच्या लाकडी घोड्यांवर लावलेले अर्धे-मुर्धे कॅनव्हास, कोपऱ्यात नाक तुटलेला प्लॅस्टरचा कोणी देव. बाबा हात पाठीमागे बांधून एकेका चित्रासमोर देवळातल्यासारखे थांबत होते. एका उघड्या बाईच्या चित्रापुढून तेवढे लगबगीने सरकले.

मास्तर वयस्कर होते, खादीतले, बोलायला मऊ. त्यांनी माझी गुंडाळी टेबलावर पसरली. लक्ष्मी, सरस्वती, घोड्यावरचे शिवाजी महाराज. सगळ्यांत खाली मी एकच चित्र कशातूनही न उतरवलेलं ठेवलं होतं. आमच्या नळावर भांडणाऱ्या बायकांचं. ते त्यांनी उचललं, जरा उजेडाकडे धरलं आणि खाली ठेवलं. मग “बसा हं” म्हणून सगळी गुंडाळी घेऊन हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला, खिडकीपाशी उभ्या असलेल्या दुसऱ्या मास्तरांकडे गेले.

तिथून शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण खिडकीचा उजेड बरोबर खादीतल्या मास्तरांच्या तोंडावर पडला होता.

“हात चांगलाय,” ते म्हणाले. मी सुखावलो. “पण नजर नाही. दुसऱ्याचं बघून काढतो. आणि हे एक स्वतःचं, तर त्यात जीवच नाही.”

दुसरे मास्तर काहीतरी म्हणाले. त्यांची आमच्याकडे पाठ होती.

“घेऊ की. फुकट जाईल पण पोरगा. पाच वर्षं घासून बोर्डच रंगवणार. घरचे खुळे झालेत त्याच्या नादाने. बापाचं तोंड बघा.”

मी पायांखालच्या फरशीकडे बघू लागलो. एकच विचार डोक्यात होता, की बाबांनी हे वाचलेलं नसू दे. ते त्या वेळी एखाद्या चित्राकडे बघत असू देत, कोटाचं बटण लावत असू देत. त्यांच्याकडे वळून बघायचा मला धीर झाला नाही.

मास्तर परत आले आणि तितक्याच मऊपणाने म्हणाले, “छान आहे. अर्ज करा. पेंटिंगला घेऊ आपण.”

बाबा उठले. आवाजाचा अंदाज नसल्याने ते जे बोलले ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं.

“नको. ह्या आमचा काम न्हय. मी तेका हय पाठवूचंय नाय.”

मास्तर चाट पडले. बाबांनी गुंडाळी उचलली आणि चालू लागले.

सकाळी लग्नाचा कोट चढवून निघालेला माणूस दुपारी असा उलटतो, याचा अर्थ एकच होता. त्यांनी सगळं वाचलं होतं. आणि मला ते कळू नये म्हणून वाईटपणा स्वतःकडे घेत होते. पण आता मी मुकाट्याने मागे गेलो, तर त्यांना कळलं असतं की मीही वाचलंय.

म्हणून मी भांडलो. रस्त्यावर त्यांच्या समोर जाऊन उभा राहिलो, माझं तोंड नीट दिसेल असा, आणि भांडलो. “मास्तर घेतो म्हणाले! तुम्हीच का माझ्या आड येता?” लोक बघायला लागले. बाबा खाली मान घालून उभे होते. मध्येच मान वर करून माझा एखादा शब्द वाचत आणि पुन्हा खाली घालत. मी खोटा भांडत होतो, पण रडू आलं ते खरं होतं.

घरी आई त्यांच्यावर तुटून पडली. या वेळी ती शेगडीकडे वळली नाही. त्यांच्या तोंडासमोर उभी राहिली.

“मास्तर येवा म्हणतत आणि बापूस नको म्हणता! पोराचा वाटोळा केल्यात तुमी.”

“केलंय तर केलंय,” बाबा म्हणाले आणि जेवायला बसले.

चाळीने त्यांना बोलायचं बाकी ठेवलं नाही. स्वतः गिरणीत साचा, म्हणजे माग, ओढला, आता पोरालाही ओढायला लावणार, असं गॅलऱ्यांतून फिरलं. ते सगळं बाबा वाचत होते आणि बाबा वाचतायत हे मी वाचत होतो. आई कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलली नाही. मी घरात तोंड फुगवून वावरायचो, कारण तसं वावरणं भाग होतं. रंग माळ्यावर टाकले. पुढे मुळजी जेठा मार्केटात कापडाच्या एका पेढीवर कारकून म्हणून लागलो. भिंत रंगवायला पोरं बोलवायला आली की म्हणायचो, “बाबांना आवडत नाही रे.” पोरंही बाबांनाच शिव्या द्यायची. घरात कुणी मेलेलं नव्हतं, पण सुतकासारखंच वाटे. सर्वांत वाईट म्हणजे, बाबांना एकदा जवळ घेऊन ‘पुरे आता’ म्हणायची सोय नव्हती.

महाराष्ट्र झाला त्या दिवशी संध्याकाळी सगळं गिरणगाव लालबागच्या रस्त्यावर उतरलं होतं. ढोल, लेझीम, फटाके, त्यात गिरण्यांचे भोंगे. कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडत होती. मलाही आनंद व्हायला हवा होता, पण मी भिंतींवर नव्याने रंगवलेली अक्षरं बघत उभा होतो. ती दुसऱ्या कुणी काढली होती, आणि बरी काढली होती.

समोरच्या फूटपाथवर बाबा उभे होते, खात्यातल्या सोबत्यांबरोबर, टोपीवर गुलाल. त्यांनी मला पाहिलं. मग आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करून, साळखात्यात नव्या माणसाशी बोलतात तसे बोलले.

“मास्तर चुकलो असतलो.”

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी वाचलं होतं हे त्यांना केव्हापासून माहीत होतं, कोण जाणे. कदाचित त्या हॉलमध्येच माझं तोंड बघून कळलं असेल. मास्तर चुकले होते की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. त्या वेळी मात्र ते चुकले नव्हते अशी माझी खात्री होती, आणि खोटं बोलायचा मला कंटाळा आला होता. मीही ओठ हलवले.

“चुकूक नाय, बाबा. मास्तर चुकूक नाय.”

आमच्यामध्ये जेमतेम एक रस्ता होता आणि दिव्याचा उजेड माझ्या तोंडावर होता. याच्या तिप्पट अंतरावरचं ते सहज वाचत. बाबांनी कानामागे हात धरला, बहिरी माणसं धरतात तसा. त्यांना असं करताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. मान पुढे काढून त्यांनी विचारलं, “काय?”

मी पुन्हा सांगितलं नाही.