पुसलेल्या अक्षरांचं बटण

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. म्हणून बाबांनी बंद कारखान्यातलं स्टील जोडायचं जुनं टिग वेल्डिंग मशीन आणलं, तेव्हा ते समजून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. निर्मळ गावातल्या आमच्या शेडमध्ये तोवर फक्त लोखंडी ग्रिलं व्हायची. आता स्टीलचा कठडा दुसऱ्या दिवशी नंदाखाल गावात एका घराला लावायचा होता.

बटणांवरची अक्षरं पुसली होती. वेल्डिंग करताना सांध्यावर सुटणारा गॅस, वेल्डिंग थांबवलं तरी सूंऽऽ करत सुटत राहायचा. वाया जातोय असं वाटून मी एक बटण शून्यावर नेलं. आवाज थांबला, पण प्रत्येक सांध्याचं टोक काळं पडू लागलं.

"पदवी काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

"मी एक बटण फिरवलं, बाबा. गॅस वाया जात होता."

"अरे, साध्या वेल्डिंगमध्ये तापलेल्या सांध्याला हवेपासून झाकणारी खपली आपण सांधा गार झाल्याशिवाय काढतो का? हा गॅस म्हणजे तीच खपली असेल."

मी बटण मागे फिरवलं. नवा सांधा टोकापर्यंत पांढरा राहिला. बाबांनी काळे सांधे घासायला ग्राइंडर माझ्या हातात दिला.