नटावरची गुलाबी रेघ

फौजदार काकू हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण गल्लीत दुसरं नाव कुणाला आठवतही नाही. स्वतःच्या सावलीवर विश्वास नाही हो बाईचा! दूधवाल्यासमोर दूध बोटावर घेऊन बघणार आणि वर त्याचं तोंडही निरखणार.

सध्या पाळी आली होती मेकॅनिकची. काकांच्या निवृत्तीनंतर दोघांनी जुनी मोटारहोम घेतली होती. आत पलंग, ओटा, छोटा फ्रीज. लांब राहणाऱ्या लेकीचे दिवस भरत आले होते, आणि काकूंना तिच्यापाशी पोचायचंच होतं. पण वाटेत काकांचं इन्सुलिन गार राहायला फ्रीज हवा, आणि फ्रीज चालवणारी मागची बॅटरी काही केल्या चार्ज होईना. दोनदा दुरुस्त झाली, दोनदा बोंबलली.

काकूंनी ताडलं, हा मेला मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवून जातो. म्हणून गेल्या खेपेला त्याने अर्थिंगच्या वायरचा नट आवळल्यावर त्यांनी नटापासून पत्र्यापर्यंत नेलपॉलिशची गुलाबी रेघ ओढली. नट फिरला की रेघ तुटणार! काकांना मात्र सांगितलं नाही. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं काकूंचं ठाम मत.

आज इंजिन सुरू करून मेकॅनिकने मीटर लावला. पुढची बॅटरी चौदा व्होल्टच्या वर, मागची जेमतेम बारा.

"पुढून करंट निघतोय काकू, मागे पोचत नाहीये."

त्याने सीटखालची फळी उचलली. वायर लोंबत होती आणि रेघेचे दोन तुकडे झाले होते.

"सापडलास!" काकू कडाडल्या.

"अहो काकू, त्या दिवसानंतर मी आजच येतोय. आणि गाडीची किल्ली तर तुमच्या कमरेला!"

खरंच की. रात्री ती उशीखाली असायची. काकूंनी हळूच मागे पाहिलं. काका दारात उभे राहून चष्मा पुसत होते.

"अहो, हात बघू."

अंगठ्याच्या नखात गुलाबी कपची अडकली होती.

"जगाला चोर म्हटलं मी, आणि चोर माझ्याच पानाशेजारी जेवतोय! का केलंत हे?"

"उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही गं. मागे गाडी चालवताना एक सायकलवाला नशिबानेच वाचला माझ्या हातून. तुला सांगायची लाज वाटली. म्हटलं, गाडीच बिघडलेली बरी."

काकूंचा संताप कुठल्या कुठे गेला. त्यांनी काकांचा डावा डोळा तळहाताने झाकला.

"किती बोटं?"

"तीन," काका झटकन म्हणाले.

काकूंचा दुसरा हात वर नव्हताच. त्या हाताने त्या स्वतःचे डोळे पुसत होत्या.

"बरोबर," काकू म्हणाल्या. मग मेकॅनिककडे वळल्या, "नट आवळ बाबा. आणि आम्हाला लेकीकडे नेईल असा एक ड्रायव्हर बघ. तू म्हणशील तो चालेल."