तिसरी गोळी अडकते

घरातला मिक्सर बिघडला तर काळं कुत्रं विचारत नाही. पण आमच्या आबांची रायफल बिघडली आणि वर्षभर आमच्या गॅसवरून चहाचं आधण काही उतरलं नाही! येणारा प्रत्येक जण एक सल्ला देऊन जायचा आणि एक किस्सा ठेवून जायचा. सल्ले वाया गेले, किस्से तेवढे साठत राहिले.

आबा म्हणजे माझे सासरे. सावद्याला केळीची शेती. रायफल त्यांच्या वडिलांची, रीतसर परवान्याची, जुन्या घाटाची. खाली एक दांडा असतो. तो पुढे ढकलून मागे ओढला की नळीतलं काडतूस एका छोट्या पट्टीवर बसून वर येतं, लिफ्टमधून पाहुणा यावा तसं. म्हणजे यायला हवं! आमच्याकडे पहिलं यायचं, दुसरं यायचं, आणि तिसरं मध्येच तोंड वर करून अडकून बसायचं. धुळ्याला एक जुने दुरुस्तीवाले होते. त्यांनी दुकान बंद केलं, आता तिथे मोबाईलची कव्हरं मिळतात. त्यामुळे आबा म्हणाले, "घरीच पाहू."

आणि मी? माहेरची धुळ्याची, फिजिक्स घेऊन बी.एस्सी., चार वर्षांच्या ओवीची आई. गॅसचा नॉब तीनदा तपासून चौथ्यांदा नवऱ्याला पाठवणारी. अशा बाईच्या सासरी रायफल!

*

लग्न ठरलं तेव्हा ही गोष्ट कुणी बोललंच नव्हतं. पहिल्या दसऱ्याला आईला सांगितलं, तर ती फोनवरच ओरडली, "घरमा बंदूक शे अन् तू झोपस कशी वं?"

झोपत नव्हतेच. ओवी झाल्यावर तर मी आबांसमोर उभी राहिले आणि एका दमात सांगून टाकलं: रायफल एका कपाटात, काडतुसं दुसऱ्या लॉकरमध्ये, दोन वेगळ्या किल्ल्या, दोन वेगळ्या माणसांकडे. खरं तर मला ती घराबाहेरच हवी होती. ओवीचा हात कपाटाच्या कडीपर्यंत पोचायच्या आत. पण तेवढं बोलायची छाती झाली नाही.

आबांनी लॉकरची किल्ली माझ्या हातात ठेवली. कपाटाची त्यांच्या कमरेला.

नितीन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "आता या घरात गोळी उडवायची तर सासऱ्याचं आणि सुनेचं एकमत व्हावं लागेल. डुकरं सुखी झाली!"

*

डुकरं सुखी होतीच. आबा रायफल न्यायचे ती केळीत शिरणाऱ्या रानडुकरांना भिववायला. हवेत एक बार, बस्स. गेल्या वर्षी दिवाळीच्या पुढे-मागे, सकाळी उजाडताना आबा बांधावर गेले. माझ्याकडून मोजून तीन काडतुसं घेऊन. समोर भलंमोठं डुक्कर. पहिला बार काढला, ते हललं नाही. दुसरा काढला, त्यानं नुसती मान वर केली. तिसऱ्याला दांडा अडकला.

आबा घरी आले, रायफल खाली ठेवली, चहाचा कप उचलला.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. गल्ली त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणते.

"मी दांडा हालवू राह्यलो, ते पाहू राह्यलं. मी हालवू राह्यलो, ते पाहू राह्यलं. शेवटी त्यालेच लाज वाटली. गेलं!"

*

मग आले फौजी नाना. मागच्या गल्लीत राहतात, सैन्यातून निवृत्त. आले की ओटा सरळ रेषेत बसतो! आबांनी काडतुसांऐवजी सुताराकडून सागाच्या लाकडाच्या तीन खोट्या गोळ्या करून घेतल्या होत्या. खऱ्या मी देतच नव्हते. त्या घालून नाना दांडा मागे-पुढे करत बसले.

"आमच्याकडे हे मॉडेल नव्हतं," नाना म्हणाले.

"तुमच्याकडे कोणतं होतं?" मी विचारलं. मला खरंच उत्सुकता होती.

नाना जरा घुटमळले. "मी सतरा वर्षं लंगरमध्ये होतो. माझ्या हातून रोज पाचशे जवान..."

"गोळीबार शिकले?"

"जेवले!"

पण हसू नका, पहिला शोध त्यांनीच लावला. त्यांनी लाकडी गोळी उचलली, खऱ्या काडतुसाशेजारी धरायला मागितली (मी लांबून दाखवलं) आणि म्हणाले, "ही लांब हाये. पोळी तव्यापेक्षा मोठी लाटली तर कड मोडनारच!" सुतारानं गोळ्या बोटभर नाही, पण चांगल्या गव्हाएवढ्या जास्त लांब केल्या होत्या. महिनाभर आम्ही रायफलीला शिव्या घालत होतो. नानांनी पॉलिश पेपरनं गोळ्या घासून बरोबर केल्या.

आता पहिली येई, दुसरी येई. आणि तिसरी? तिसरी पुन्हा अडकली. पण आता प्रामाणिकपणे!

*

खरी पंचाईत थंडीत झाली. रायफल सकाळी मुळीच चालायची नाही आणि दुपारी बरी चालायची. आबा म्हणत, म्हातारी झाली, ऊन लागतं तिला.

मी गप्प बसायला हवं होतं. ती अडकलेली राहण्यातच माझा फायदा होता. पण फिजिक्स शिकलेल्या माणसाला 'सकाळी अडकतं, दुपारी सुटतं' असं सांगून गप्प बसवता येतं का? मी ओवीच्या चित्रकलेच्या वहीत मागच्या पानावर तक्ताच केला. सकाळी सात: अडकली. अकरा: थोडी. दोन: सुटली. चार दिवस!

पाचव्या दिवशी ओवीच्या केसांना तेल लावायला बाटली घेतली, तर तेल थिजलेलं. मी बाटली उन्हात ठेवली आणि तशीच उभी राहिले.

"अक्का, आबा रायफलीला तेल कुठलं घालतात?"

"घरात जे असंन ते. खोबऱ्याचं. चांगलं शुद्ध हाये की!"

"अहो, ते थंडीत थिजतं!" मी जीभ चावली, पण तोवर बोलून झालं होतं. आबांनी रायफल पुसून शिवणयंत्राचं तेल घातलं. दांडा लोण्यासारखा फिरायला लागला. आबांनी गल्लीभर सांगितलं, "माह्या सुनेनं शोधलं!" मी त्या कौतुकानं रडकुंडीला आले. माझ्याच हातानं मी ती दुरुस्त करत होते.

नशीब, तिसरी गोळी अजून अडकत होती.

*

निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. आबा आणि नितीन घेऊन गेले. हवालदार म्हणाले, रिकामी आहे ना, दाखवा. आबांनी ऐटीत दांडा ओढला. तर आत सागाची गोळी अडकून बसलेली! आदल्या दिवशीची राहिली होती. पुढेही जाईना, मागेही येईना.

"हे काय?"

"लाकूड हाये साहेब."

"लाकूड कशाला?"

"सून खरी देत नाही!"

हवालदारांनी आबांकडे बघितलं, नितीनकडे बघितलं, आणि वहीत लिहिलं: रायफल एक, आत लाकूड एक.

ते दिवस मी काय झोपले म्हणून सांगू! गॅससुद्धा एकदाच तपासायचे. मग निकाल लागले आणि रायफल परत आली. लाकडासकट.

*

एका रविवारी ओट्यावर सगळे जमले होते. ओवी स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन आली. खांद्याला लावलं, एक डोळा मिटला, हातानं खालचा दांडा ओढल्यासारखं केलं. "खटक! खटक!" आणि नेम धरला माझ्यावर.

"वा रे वाघिणी!" फौजी नाना म्हणाले. नितीन हसला, अक्का हसल्या, मीही हसले, कारण सगळे हसत होते.

"तिसरी अडकली," ओवी म्हणाली आणि लाटणं हलवून बघायला लागली. अगदी आबांसारखं तोंड करून.

फक्त आबा हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी अर्धीच भाकरी खाल्ली. दोन दिवसांनी ओट्यावर, सगळ्यांदेखत म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाहतो. तवरक सुधरली तर सुधरली, नाई तर कायमची जमा करून टाकतो. बिघडलेलं हत्यार घरात कशाले?"

"अरे, बापाची निशानी!" नाना म्हणाले.

"म्हणून तं. चालती असती तर दिली असती का?"

मी आत जाऊन देवाजवळ दिवा लावला. काय मागितलं ते सांगत नाही.

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबांनी रायफल पुसायला काढली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, म्हणून टॉर्च धरायला मला बसवलं. काडतुसांची किल्ली माझ्या पर्समध्ये, ओवी अक्कांकडे. सगळं तीनदा तपासलेलं.

"जरा अंघोळ करून येतो," आबा म्हणाले, "तवर पाह्य तू."

मी टॉर्च आत मारला. बघायचं नव्हतं. पण बघितलं. गोळी उचलणाऱ्या त्या पट्टीच्या खाली, कोपऱ्यात, काहीतरी बारीक दिसलं. केसातली पिन काढून हळूच ओढलं.

तांदूळ.

ओवी! शेंगदाणा नाकात घालणारी, नाणं सीडी प्लेयरमध्ये घालणारी ओवी! म्हणजे तिचा हात पोचला कपाटापर्यंत! मी पिन घालत गेले, दाणे येत गेले. दुसरा, तिसरा, सातवा. ते तळहातावर घेऊन उजेडात धरले, तेव्हा दिसलं. लाल होते. कुंकवाचे.

अक्षता.

दसऱ्याला शस्त्रपूजेत रायफल पाटावर ठेवतात आणि अक्षता वाहते घरची सून. म्हणजे मी. इतर घरच्या सुना दोन दाणे टाकतात. मी मूठभर टाकते, कारण मला भीती वाटते, कुणाला काही होऊ नये म्हणून. आणि पूजेच्या वेळी दांडा उघडा ठेवायचा, आत काही नाही हे सगळ्यांना दिसलं पाहिजे, हा हट्टही माझाच. उघड्या तोंडात, मुठीमुठीनं, लग्नानंतरचे सगळे दसरे!

मी लाकडी गोळ्या घातल्या. एक. दोन. तीन. तिसरी अशी अलगद वर आली की मी आनंदानं ओरडणारच होते. मग कळलं, आपण काय करून बसलो.

आबा पंच्यानं डोकं पुसत आले. "सापडलं काही?"

"नाही," मी म्हणाले. मुठीत सात दाणे.

"बरं," आबा म्हणाले आणि रायफल कपाटात ठेवली. दांडा हलवूनसुद्धा पाहिला नाही.

*

दसऱ्याला सकाळी पाट मांडला. कोयता, विळा, ट्रॅक्टरची किल्ली, रायफल. झेंडूची माळ. यंदा मी दांडा उघडा ठेवायचं नाव काढलं नाही. रात्रभर विचार केला होता: आपण खोटं बोललो, निदान पुन्हा बिघडवायची तरी नाही. चालली तर चालली. राहिली घरात तर तिसरं कुलूप लावू.

अक्कांनी हळदी-कुंकू वाहिलं. "मेघा, अक्षता."

मी चिमटीत दोनच दाणे घेतले आणि लांब, पार लाकडी दस्त्यावर ठेवले.

आबांनी त्या दोन दाण्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग खाली वाकले, दांडा धरला आणि पुढे ढकलून रायफलीचं तोंड पूर्ण उघडं केलं.

"आत हाये का काही?" त्यांनी विचारलं.

"नाही, आबा."

ओवी त्यांच्या मांडीला टेकून उभी होती. आबांनी तांदळाची वाटी उचलून माझ्यापुढे धरली.

"मग अशी काय करतेस? दरवर्षी टाकतेस तशा टाक."